टारफुला आणि मायची सावली

बाबा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तरी माझा राग निवलेला नाही. आज तो लिहूनच काढते.

जानेफळच्या वरच्या वावरात त्या वर्षी ज्वारी कमरेएवढी झाली आणि वाळायला लागली. जमिनीत ओल होती, तरी पानं सुकून लोंबायची. धाटांच्या बुडाशी टारफुल्याचं वीतभर तण उगवलं होतं. आधी मायच्या ध्यानात आलं. ती म्हणाली, "फुलायच्या आंधी उपटून जाळू. याचं बी सांडलं तं वावर हातचं जाईल." तुम्ही तिच्याकडे पाहिलंही नाही. पुढे त्याला बारीक पांढरी फुलं आली, धुळीसारखं बी सांडलं, ज्वारीची कणसं भरलीच नाहीत. मग ओट्यावर चार माणसांदेखत तुम्ही म्हणालात, "हिची सावली पडली म्हून ज्वारी जळली. आजपासून हिनं वावरात पाय ठेवायचा नाही."

लग्न होऊन आल्यापासून मायनं ते वावर निंदलं होतं. अजून ती मला दिसते. पेरणीच्या सकाळी दारात उभी राहते, बैल दिसेनासे झाले की आत जाते.

दोन वर्षांनी शेतकी खात्याचा माणूस आला. त्यानं एक धाट मातीसकट खणलं, पाण्यात धुतलं आणि तुमच्या हातात दिलं. टारफुल्याचं मूळ ज्वारीच्या मुळात घुसलेलं होतं. हा तिथूनच रस ओढतो, फुलायच्या आत उपटा, काही वर्षं इथे कपाशी घ्या, असं तो म्हणाला. तुम्ही मान डोलावलीत. बाया लावून टारफुला उपटवलात, जाळलात, कपाशी पेरलीत. वावर सुधारलं. पण मायला "चाल वावरात" एवढं म्हणाला नाहीत. परक्या माणसाचं एका दुपारीत पटलं, आणि घरच्या बाईला लावलेला बोल मागे घेणं जड गेलं? ती तुमच्या आधी गेली, वावर पुन्हा न पाहता.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. पण एक राहिलं. त्या वर्षी नदीवर बायांनी मला विचारलं, तुमची ज्वारी काऊन जळली. मी तेरा वर्षांची, चौथी शिकलेली. मी म्हटलं, "मायमुळं." माय धुण्याची पाटी घेऊन मागेच उभी होती. तिला लिहायला अजून मला जमलेलं नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.