भिंतीवरचा डबा

मी, सिंधू नत्थूजी गजभिये, वय सदुसष्ट, धंदा शिवणकाम, राहणार सक्करदरा, नागपूर, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे, कान तर नको तितके चांगले आहेत. कोणी धाक घातलेला नाही की भुलवलेलं नाही. वकील सुरुचीताईंनी चौथं कलम गाळा म्हणून बरंच सांगून पाहिलं. ते गाळायचं असतं तर मृत्युपत्र करायचंच काही कारण नव्हतं.

१. शिलाई मशीन शेजारच्या रितिकाला द्यावी. तिला शिवता येत नाही, पण हौस आहे. दीर धर्मेंद्र यांना काहीएक देऊ नये. यजमान गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या जेवणात मीठ कमी म्हणून त्यांनी ताट सरकवलं होतं.

२. राहतं घर मुलगा प्रशिक यास, चौथ्या कलमातल्या अटीवर. घराच्या मागची भिंत सरकारी मराठी शाळेला लागून आहे. शाळेला आता कुलूप आहे.

३. यजमान, म्हणजे नत्थूजी गुरुजी, त्याच शाळेत शिकवायचे. वस्तीत कोणाकडे नामकरण असलं की बुद्धवंदना आटोपल्यावर ते पाटी घेऊन बसत. बाळाच्या मुठीत खडू धरवून पाटीवर एक रेघ ओढवत. बाळानं शाळेला नाव दिलं, असं त्याला म्हणत. पट टिकवायची ती त्यांची युक्ती होती, पण लोक त्या रेघेचा मान राखत. प्रशिकनंही रेघ ओढली होती.

पहिलीची वेळ आली तशी मी अडून बसले. पोरगा इंग्रजी शाळेतच जाईल. गुरुजी म्हणाले, "मी घरोघरी पोट्टे मागत फिरून राहिलो, अन् माहाच पोट्टा कॉन्व्हेंटात? लोकं काय म्हनतीन?"

"लोकं त्याले नोकरी देनार हायेत का?" मी विचारलं.

मी जिंकले. प्रशिक आज इंजिनिअर आहे, वर्धा रोडला त्याचा फ्लॅट आहे. मला पस्तावा नाही. फक्त रडेल म्हणून त्याला खरं सांगितलं नव्हतं. तलावावर फिरायला जाऊ म्हणत रिक्षात बसवलं. बापाच्या शाळेचं फाटक दिसेनासं होईपर्यंत तो मागे वळून पाहत होता.

त्या दिवशीही गुरुजींनी हजेरीत त्याचं नाव पुकारलं. पाटीवर रेघ होती, नाव कसं गाळणार? संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, "प्रशिक हजर होता आज." मला तो टोमणा वाटला. पुढं निवृत्त होईपर्यंत ते हेच सांगत आले, आणि मी दरवेळी भांडत आले.

४. गुरुजी गेले, पट घटला, शाळा बंद झाली. तेव्हापासून रोज सकाळी शाळेच्या वेळेला भिंतीपलीकडून हजेरी ऐकू येते. आवाज गुरुजींचा. एकेक नाव पुकारतात, थांबतात, उत्तर येत नाही. प्रशिकच्या नावाला मात्र एक लेकरू म्हणतं, "हजर हाय गुरुजी."

मधल्या सुट्टीत ते भिंतीशी येतं. "आई, डब्बा देऊन राहिली का वं?"

माझा प्रशिक इंग्रजी शाळेत गेल्यापासून मला कधी 'वं' म्हणाला नाही. तिथं तसं बोललं की बाकावर उभं करायचे. मी पोळी आणि वांग्याची भाजी भरून डबा भिंतीवर ठेवते. थोड्या वेळानं तो रिकामा मिळतो. मला भीती वाटते, रोज वाटते. तरी रोज डबा भरते, कारण हाक ओळखीची आहे.

मागच्या महिन्यात प्रशिकला सकाळीच बोलावून भिंतीजवळ उभं केलं. हजेरी ऐकून त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. म्हणाला, "आई, हा माझा लहानपणचा आवाज आहे."

"मंग तूच हजर म्हन ना, बाप्पा. ते कवापासून एकटंच बसून हाय."

तो तडक गाडीत जाऊन बसला.

म्हणून अट अशी: माझ्या पश्चात प्रशिकनं एकदा त्या हजेरीला स्वतः उत्तर द्यावं आणि त्या लेकराला सोबत घरी न्यावं. तोवर भिंतीवर रोज डबा ठेवावा. हे न जमल्यास घर रितिकाला द्यावं. तिनं डब्याचं कबूल केलं आहे.

५. माझे कानातले आणि गळ्यातलं नात अश्लेषाला. तिच्या नामकरणाला गुरुजी होते, पाटी त्यांनी काढलीच. यंदा ती पहिलीत जाईल. सूनबाई हर्षानं मोठी खाजगी शाळा पाहिली आहे. माझी ना नाही. पण पोरीला फसवून नेऊ नका. कुठं नेतो ते सांगा, रडली तर रडू द्या, पण अख्खी न्या. गेल्या आठवड्यापासून प्रशिकनंतर अश्लेषाचं नाव पुकारलं जातं. अजून उत्तर आलेलं नाही.

वरचा मजकूर मी स्वतः वाचला. माझं म्हणणं जसंच्या तसं आहे.

ठिकाण: सक्करदरा, नागपूर
दिनांक: ३० जून २०२५
सही: सिंधू नत्थूजी गजभिये

साक्षीदार:
१. धम्मानंद रामटेके, निवृत्त कर्मचारी, खापरखेडा
२. अ‍ॅड. सुरुची वासनिक

सह्या झाल्यावर, साक्षीदारांसमोर हातानं जोडलेला मजकूर:

आत्ताच हर्षाचा फोन आला. म्हणाली, "आई, अश्लेषाले शाळेत सोडून आलो. रडली नाही बिचारी. बागेत जाऊन राहिलो म्हनून सांगितलं होतं तिले."

फोन ठेवला तेव्हा मागं हजेरी चालू होती. प्रशिकचं नाव झालं, मग अश्लेषाचं. या वेळी उत्तर आलं. धम्मानंदजींनीही ऐकलं, ते पाणी मागत आहेत.

चौथ्या कलमात दुरुस्ती: उद्यापासून डबे दोन.

सिं. न. गजभिये