मी कुस्ती कधी मारली?

ती. भागाअक्काच्या पायाशी धाकट्या हेमांगीचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? चोपड्याची थंडी त्याला सोसत नाही, तरी तू पहाटे अंगण झाडतेसच, हे मला इथे धुळ्यात बसून दिसतं. (इकडे सगळे खुशाल. आमच्या साहेबांचं पोट पुढे गेलंय, पक्ष आहे तिथेच.)

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. जळगावच्या उद्योजिका सत्कारात माझा जो परिचय वाचला, त्यात माझा काडीचाही दोष नाही. आयोजकांनी तो मागितला साहेबांच्या कार्यालयाकडे. तिथला छगन मोठा कामसू. त्याने साहेबांचा निवडणुकीतला परिचय काढला, नाव तेवढं माझं घातलं आणि दिला धाडून! तू दुसऱ्या रांगेत होतीस, ऐकलंसच. मी म्हणे तरुणपणी तालुक्यात कुस्त्या मारल्या, कापूस आंदोलनात आठ दिवस तुरुंगात काढले, दोनदा पडून तिसऱ्यांदा जिल्हा परिषदेवर निवडून आले. सगळ्यात जोरात टाळ्या साहेबांच्या. (आपलंच चरित्र ऐकतोय, हे त्यांना तुरुंग येईपर्यंत कळलं नाही.) पुढे जेवणात भरीत वाढणारी बाई माझे दंड बघून म्हणाली, ताई, अजून दोन पुऱ्या घ्या. घेतल्या. पहिलवानाने नाही कसं म्हणायचं?

पण तू जेवायला थांबलीस कुठे? वेफर्सबद्दल त्यात एकच वाक्य होतं, 'पतीच्या प्रेरणेने केळी वेफर्सचा उद्योग उभारला.' ते ऐकलंस आणि उठलीस. दारात गाठलं तर एवढंच म्हणालीस, "बठ्ठं बेस शे हेमा, पन मी कोठे शे?" आणि एसटी धरलीस. खरंच, सगळं होतं त्यात, तूच नव्हतीस. वांग्याच्या भरतावर तू जन्मात कधी रुसली नव्हतीस, तेव्हाच मी घाबरले. परवा पाठवलेला वेफर्सचा पुडाही कंडक्टरच्या हाती परत आला. (साहेबांनी तो फोडून संपवला आणि वर म्हणाले, अक्कांच्या हातची चव नाही.)

अक्का, वेफर्स सुरू केले तेव्हा चूल तुझी, कढई तुझी. माझ्या हातून तीन घड जळाले, तेव्हा दाजींना तू सांगितलंस, केळी माकडांनी नेली. साहेब त्या वर्षी सगळा वेळ प्रचारात होते. प्रेरणा द्यायला ते घरी होते कधी? सगळा घोळ त्या छगनचा. माझ्यावर राग धरू नकोस.

तुझी,
हेमांगी

ता. क. छगनला बोल लावू नकोस. कुस्त्यांचा घोळ त्याचा, पण 'पतीच्या प्रेरणेने' हे वाक्य मीच त्याला सांगितलं होतं. निवडणूक तोंडावर आहे, वाटलं, साहेबांना बरं पडेल. चुकलं अक्का. फार चुकलं.

आणखी एक ता. क. रविवारी नव्या कारखान्यात पहिला घाणा काढायचा आहे. साहेब म्हणतात, अक्का आल्याशिवाय कढईखाली जाळ नाही. नवा परिचय मी स्वतः लिहिलाय. एकच ओळ आहे, 'ही चोपड्याच्या भागाअक्काची धाकटी बहीण.' ये, आणि येताना भरीत आण. त्या दिवशी पुऱ्या मी घेतल्या खऱ्या, पण खाल्ल्या नाहीत.