एव्हर्टमामांची यादी

स्वेग, २० सप्टेंबर

चि. टूवास अ. उ. आ.

शिकारीची परीक्षा पास झालीस, शाबास! आमच्या टोळीत सातांतले पाच सत्तरीपुढचे. नवं माणूस आलं नाही, तर पुढच्या वर्षी मूस हरणंच आम्हाला हाकत नेतील. तुझ्यासाठी मी शब्द टाकलाय, माझं नाक कापू नकोस. सोबत यादी आहे: नवी रायफल, भारी दुर्बीण, भारी जाकीट आणि माझ्यासारखे अस्तराचे बूट. बर्फात बसलं तरी पाय शेकोटीपाशी असल्यासारखे. हे नसेल तर येऊच नकोस.

तुझा मामा
एव्हर्ट

ओस्टरसुंद, २७ सप्टेंबर

ती. मामांस शि. सा. न.

यादीच्या किमतीत माझं चार महिन्यांचं घरभाडं निघतं. मी पाळणाघरात नोकरी करते, राजवाड्यात नाही. रायफल जुनीच घेतलीय, पण चांदमारीत सगळ्या गोळ्या जागेवर बसल्या. बाकी आईचा लोकरी स्वेटर, पेट्रोलपंपावरची नारिंगी टोपी आणि गोठ्यातले रबरी बूट. तुमच्या टोळीप्रमुख आस्ताबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, एक दिवस येऊन दाखव. यंदा नाही म्हणालात, तर पुन्हा विचारायचा धीर मला होणार नाही. रागवा, पण माया आटू देऊ नका.

आपली भाची
टूवा

ओस्टरसुंद, १३ ऑक्टोबर

ती. मामांस शि. सा. न.

कालच्या शिकारीनंतर पाय अजून बधिर आहेत. त्या थंडीत डुलकी लागणं शक्यच नव्हतं. मी सारखी बोटं हलवत बसले होते. दलदलीपलीकडून, तुमच्या जागेवरून, घुर्र घुर्र आवाज येत होता, मधूनच शिट्टी. तेवढ्यात मूस तुमच्या अगदी समोरून गेला, जरा थबकला आणि सावकाश माझ्याकडे आला. एकाच गोळीत पडला. मांस कापताना आस्ताबाईंनी विचारलं, आवाज कसला होता. मी म्हटलं, अस्वल असेल. बिचारे टोळीतले लोक दुपारभर ठसे शोधत होते!

मला घेणार की नाही, ते कुणीच सांगत नाही. आस्ताबाई म्हणतात, मामांनाच विचार. जीव टांगणीला लागलाय. मामींना नमस्कार.

आपली
टूवा

स्वेग, १९ ऑक्टोबर

चि. टूवास अ. उ. आ.

घेतलं तुला. मतदानात पहिला हात मी वर केला. अस्वलाचा शोध अजून चालू आहे, तू तोंड उघडू नकोस.

गावातली आणखी दोघं चौकशीला आली होती. आस्ताबाईंनी नवशिक्यांची यादी मलाच लिहायला बसवलं. लिहिली: जुनी रायफल, आईचा स्वेटर, पंपावरची टोपी, रबरी बूट.

मामी म्हणते, मी माझे बूट तुला देऊन टाकावेत. मी नको म्हटलं. ते घालून माणूस जागा राहत नाही.

आहे तो लोभ वाढव, ही विनंती.

तुझा मामा
एव्हर्ट