दोन फेऱ्या जादा

१८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

अक्षया आज परत पडली. सपाट मैदानावर! खड्डा नाही, दगड नाही. सातवीतली, शाळेतली सगळ्यात चपळ पोर — आणि पंधरा दिवस झाले, खांबाला वळसा घालताना तिचा उजवा पाय मागे राहतो. खो-खोची जिल्हा स्पर्धा ओरोसला, नऊ दिवसांवर. मी शिट्टी फुंकली. 'नाटकं पुरे! दोन फेऱ्या जादा.'

धावली बिचारी.

हे मी खुर्चीत बसून फर्मावलं. हातात चहा. स्वतः शेवटची फेरी कधी मारली, ते आठवत नाही.

२० नोव्हेंबर

तिची आई शाळेत आली, सावित्री. 'फेलिक्स सर, निजली काय पाठ दुखता म्हणता. उठान बसता.'

मी लगेच निदान केलं — स्नायू आखडलेत. तेल, गरम पाणी, सूर्यनमस्कार. सव्वीस वर्षं खेळ शिकवतोय, डॉक्टर व्हायला आणखी काय लागतं! 'बरा, सर,' म्हणून गेली. विश्वासाने गेली, हे वाईट.

२४ नोव्हेंबर

शाळा सुटली. अक्षया फाटकाकडे निघाली, एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. दुसरी चप्पल पायरीवर पडलेली. ती घेऊन मी मागून धावलो (धाप लागली). 'अगो, चप्पल!'

तिने खाली पाहिलं. 'माका कळूकच नाय, सर.'

माती तापलेली होती. माझ्या बुटातून जाणवत होती.

तसाच तिच्या बापाकडे गेलो. गुरुदास गोठ्यात होता. म्हटलं, उद्याच डॉक्टर. सूर्यनमस्कारांबद्दल काही बोललो नाही.

२७ नोव्हेंबर

ओरोसला पहिल्याच फेरीत हरलो. अक्षया तिथंच, मैदानापासून जवळ, जिल्हा रुग्णालयात तपासणीला. मी इकडे खांब मोजत उभा.

२९ नोव्हेंबर

एमआरआय झाला. गाठ. पाठीच्या मध्यावर, मणक्यात नाही — मणक्यांच्या आत जो मज्जारज्जू असतो, त्याच्याही आत. ऑपरेशन गोव्यात.

मी छाती पुढे काढून म्हणालो, गोव्यात माझी खूप ओळख आहे. ओळख म्हणजे म्हापशाची बहीण पिएदाद आणि तिच्या गल्लीतला पाववाला. पिएदादला फोन केला. 'घेऊन ये सगळ्यांका,' एवढंच म्हणाली.

३ डिसेंबर

सर्जन बाई आहेत. वयाने माझ्या विद्यार्थिनी शोभतील. कागदावर चित्र काढून दाखवलं. मज्जारज्जू करंगळीएवढा, पाठीमागून उघडून सूक्ष्मदर्शकाखाली गाठ काढायची. पायांना तारा लावून संदेश पोचतात का ते सतत बघायचं. 'संदेश कमी झाले की मी थांबणार. सगळी गाठ काढायचा हट्ट नाही. आणि नंतर काही दिवस पाय आतापेक्षाही ढिले पडतील. घाबरू नका.'

मी सगळं आधीच माहीत असल्यासारखी मान हलवली. मग विचारलं काय, तर — 'परत धावेल?'

'आधी चालू दे.'

मग त्यांनी विचारलं, त्रास कधीपासून? गुरुदास माझ्याकडे बघायला लागला. मी बुटांच्या नाड्या बघत होतो.

५ डिसेंबर

सात तास. बाकावर तिघे. चौथ्या तासाला मला राहवलं नाही. गुरुदासला सांगून टाकलं — फेऱ्या, नाटकं, सूर्यनमस्कार. मार खायची तयारी होती. खरं तर इच्छाच.

तो म्हणाला, 'भात कापताना शेताच्या बांधार बसान रवली, म्हणान मी तिका शिपटीन मारलंय. तुमी नुसते बोल्लात.'

सावित्री मधे बसली होती. 'दोघाय गप रवा! तुमचा मगे बघूया. आधी चेडू भायर येवंदे.'

दोन पुरुष, शाळकरी पोरांसारखे हाताची घडी घालून बसलो.

संध्याकाळी सर्जन बाई बाहेर आल्या. बरीचशी निघाली. थोडी चिकटलेली ठेवली, कारण संदेश कमी झाले. शब्दाला जागल्या.

६ डिसेंबर

पाय हलत नाहीत. दोन्ही.

आधीच सांगितलं होतं. तरी मी तीनदा चहा आणायला खाली गेलो. चहा कोणी मागितला नव्हता.

१४ डिसेंबर

डाव्या पायाचा अंगठा हलला! सावित्रीने पाहिला, मग नर्सने, मग मी. गुरुदासला दिसेना, डोळे पुसत होता.

फिजिओथेरपीची मुलगी व्यायाम करून घेत होती. मी दोन सूचना केल्या. 'सर, तुम्ही बाहेर थांबता का?' थांबलो. दारातून अक्षयाचं हसू ऐकलं. ऑपरेशननंतरचं पहिलं. माझ्यावर हसली — काहीतरी उपयोग झाला.

१६ डिसेंबर

गाठीचा रिपोर्ट आला. सावकाश वाढणारी. सध्या रेडिएशनचा शेक वगैरे नको, दर तीन महिन्यांनी एमआरआय. पिएदादने चर्चमध्ये मेणबत्ती लावली, सावित्री ग्रामदेवी सातेरीला नवस बोलली. मी दोन्हीकडे उभा होतो. धोका कशाला पत्करा!

४ जानेवारी २०२६

वॉकर धरून सहा पावलं. सहावं तिरकं पडलं. मी शिट्टी शोधायला खिशात हात घातला. सवय! लाज वाटली.

१८ जानेवारी, रविवार

तिच्या घरी गेलो. आता वॉकरने पडवीच्या टोकापर्यंत जाते. माफी मागायची होती, गाडीवर येताना पाठ केली होती. 'अक्षया, मी तुझ्यावर ओरडलो, तुला धावायला लावलं—'

'तुमच्या ओरडण्याक कोण भियाता, सर!'

हसली. मग वॉकरच्या दांड्याकडे बघत म्हणाली, 'माझो पाय गणपतीच्या चवथीपासूनच जड होतो. मी कोणाक सांगूक नाय. आवशीकसुद्धा.'

'कित्या गो?'

'तुमी सगळ्यांसमोर म्हटलात, असा धावणारा चेडू सव्वीस वर्षांत बघूक नाय. मगे कसा सांगतलंय?'