कंधारच्या घड्याळाची टकटक

प्रिय कमल,

काल शुभाचा परदेशातून फोन आला. तिच्या प्रयोगशाळेतलं अणुघड्याळ आता आणखी अचूक झालंय. विश्वाच्या वयाएवढं चाललं तरी सेकंदभर चुकणार नाही म्हणे! आणि त्याची खरी किंमत? लेकीच्या घराबाहेर गेलेल्या कितीतरी दिवाळ्या, आणि तुझी-तिची हुकलेली शेवटची भेट. हे दुसऱ्या कुणाला सांगू? म्हणून तुलाच लिहायला बसलो.

मी विचारलं, "हे जमवलंस कसं, बाई?"

"अणू सारखे पळतात, बाबा. ठोके नीट मोजता येत नाहीत. म्हणून लेसरचा उजेड मारून त्यांना गार करतो."

"उजेडानं गार? हितं लातुरात उजेडानं माणूस भाजून राहिलाय!"

हसली गं, अगदी तुझ्यासारखी. म्हणाली, "पळणाऱ्याला समोरून ढकललं की वेग मंदावतो ना, तसं. जवळजवळ थांबले की उजेडाच्याच पिंजऱ्यात धरून ठेवायचे. जितका वेळ शांत राहतील, तितकं मोजमाप नेमकं."

"मंग मलाच न्हे की तिकडं. तुझी आई गेल्यापासून मी जागचा हाललो न्हाई."

कशाला बोललो असं?

विषय बदलायला फुशारकी मारली. "लातुरातल्या निम्म्या क्लासांच्या भिंतींवर माझ्या दुकानातली घड्याळं हायत. कोणतं मागं पडतंय, ते तुझा बाप नुसत्या आवाजावरून सांगतो!"

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तुमच्या मागून आपल्या घड्याळाची टकटक का ऐकू येत न्हाई?"

वर पाहिलं. तुझ्या माहेरचं, कंधारचं घड्याळ. लंबक निश्चल.

भूकंपातही असंच थांबलं होतं. सगळी गल्ली पत्र्याच्या शेडखाली, घरात पाय टाकायला कुणी धजेना. तू मात्र आत जाऊन लंबक हलवून आलीस! मी ओरडलो, तर म्हणालीस, "आवो, घर जितं हाय हे कळाया नको व्हय?"

गावाची घड्याळं मी दुरुस्त करायचो, पण त्याची रविवारची चावी तुझीच. मला कधी हात लावू दिलास? तू गेल्यावर शुभा आली, होती तोवर तिनं दिली. ती गेली, आणि चावी द्यायची असते हे घड्याळवाल्याच्या ध्यानातच नाही!

आता दर रविवारी मी देईन, कमल. आणि या दिवाळीला शुभाकडं जाईन. तिला तसा शब्द दिलाय.

फोन ठेवताना तिनं विचारलं, "कधी थांबलं, बाबा?"

मला सांगता आलं नाही.

तुझाच,
दिगंबर