रांगोळीचा जिना

बाबा, उद्या सकाळी मी आपल्या इमारतीच्या अंगणात रांगोळीने एक जिना काढणार आहे. सणवार काही नाही. रांगोळी लालबागहून आणली, सुतळी घरात होती आणि शिडी रंगाऱ्याकडून मागून घेतली. आपली इमारत आता पाडणार आहेत. तिच्या जागी टॉवर होईल, आणि त्यात काही घरं साध्या माणसाला परवडणारी असलीच पाहिजेत असा राज्य सरकारचा दंडक आहे. तो पाळायचा कसा, यावर पालिकेने तोड काढली आहे. टॉवरच्या पाठीमागे एक किरकोळ अंगाची इमारत, तिच्यात खुराड्यासारख्या खोल्या, एक चिमुकली लिफ्ट आणि काटकोनात वळणारा अरुंद जिना. आम्ही तिथे जायचं. नकाशा घेऊन आलेल्या तरुण आर्किटेक्टला मी विचारलं, "स्ट्रेचर कुठून उतरवायचं रे?" तो गोड हसून म्हणाला, "आजी, नियमात बसतंय सगळं. घरांचा आकडा पूर्ण होतोय, मग टेन्शन कशाला?" माझं डोकंच फिरलं. आकडा पूर्ण होतोय, हे वाक्य मी लहानपणी ऐकलं होतं, तुमच्या तोंडून. तुम्ही ते तुमच्या साहेबाच्या आवाजात म्हणून दाखवायचात.

तेव्हा आपण शेजारच्या, आता नसलेल्या चाळीत राहत होतो. तुम्ही पालिकेत नकाशे काढायचात. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांनी परळ नुसतं पेटलेलं होतं. तुम्ही नोकरीपायी घरी, आणि आई मात्र चाळीतल्या बायका घेऊन मोर्च्यात पुढे. अशात गिरणी कामगारांसाठी घरं बांधा असा हुकूम राज्याकडून आला, आणि आपल्या चाळीलगतच्या मोकळ्या जागेचा नकाशा तुमच्या टेबलावर पडला. साहेबाने जिना आणि बोळ इतके आवळले होते की मजल्यामागे एक खोली जास्त निघत होती. तुम्ही जेवताना हे सांगितलंत, तेव्हा आई तुमच्या ताटात आमटी वाढत होती. पळी तशीच हातात धरून ती म्हणाली, "मुंबई मिळवायची आम्ही, लाठ्या खायच्या आम्ही, आणि तिच्यात राहायचं कसं ते तुमचा साहेब ठरवणार? आणि तुम्ही रेघा ओढणार?" तुम्ही मुकाट्याने जेवलात. मला तुमचा राग आला होता. बाबांनी उलट बोलावं, निदान भात तरी टाकून उठावं, असं वाटत होतं.

पुढच्या रविवारी सकाळी तुम्ही सुतळी आणि रांगोळी घेऊन चाळीच्या चौकात उतरलात. साहेबाचा नकाशा तुम्ही फरशीवर खऱ्या मापाचा काढलात: खोली, मोरी, बोळ, जिना. भिंती म्हणून बायका लुगडी ताणून उभ्या राहिल्या. कुणी स्टोव्ह आणून ठेवला, कुणी पाळणा. अजून डोळ्यांपुढे आहे ते सगळं. हसणं चाललंय, "अगो, तुझी भिंत सरकली" म्हणून एकमेकींची थट्टा चाललीय. तेवढ्यात तळमजल्यावरची मालवणची म्हातारी, जी सगळ्या चाळीला आजी होती, काठी टेकत येते, रांगोळीचा जिना बघते आणि तुम्हाला विचारते, "बाळंतीण भितर येतली रे झिला, पण मेललो माणूस भायर कसो काढतलंस?" तुम्ही वर बघून म्हणता, "तेच बघायचंय, आजी." आणि गणपतीच्या आराशीची बांबूची शिडी मागवता. पण शिडीवर झोपायला कोण तयार होणार? जित्या माणसाने तिरडीचं सोंग घ्यायचं म्हणजे अभद्रच. मग तुम्हीच चष्मा काढून माझ्या हातात देता आणि आडवे होता. चौघे तुम्हाला उचलतात, आणि पहिल्याच वळणावर शिडीचं टोक लुगड्यात घुसतं. ते तिरकी करतात, तुम्ही घसरता आणि खदाखदा हसता. मी हसले नाही. चष्मा घट्ट धरून उभी होते.

आई भयंकर संतापली. तुमच्यावरून मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या आणि कितीतरी दिवस तुमच्याशी माझ्यामार्फत बोलली. तुम्ही मात्र ऑफिसात जाऊन साहेबाला सांगितलंत की या जिन्यावरून प्रेत उतरत नाही. साहेबाचं उत्तर काही अगदीच टाकाऊ नव्हतं. तो म्हणाला, तुमच्या ऐसपैस जिन्यापायी मजल्यामागे एका कुटुंबाचं घर जातं, त्या कुटुंबाला काय सांगू? तुम्ही ते घरी येऊन आम्हाला सांगितलंत. मग पुन्हा नकाशा घेतलात. दर्शनी पोर्च उडवला, तळमजल्यावरचं व्यवस्थापकाचं प्रशस्त ऑफिस उडवलं, गेलेल्या खोल्या तिथे बसवल्या. आकडाही भरला आणि जिनाही वळला. इमारत तशीच झाली, चाळकरी बहुतेक गिरणीतले, त्यांना तिथे घरं मिळाली, आणि त्यांच्यासोबत आपल्यालाही. तुम्हाला मात्र नकाशांच्या टेबलावरून उठवून दाखल्यांच्या खिडकीवर बसवलं, आणि तिथूनच तुम्ही निवृत्त झालात. त्याबद्दल तुम्ही कधी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही.

तुम्ही गेलात त्या दिवशी मी वरच्या कठड्याशी उभी होते. चौघांनी तुम्हाला उचललं, वळण आलं, आणि तिरडी सपाट, सरळ, खांद्यावरून न उतरवता वळली. आई माझा हात दाबून एवढंच म्हणाली, "बसले गो जिन्यात." तोवर मी रडले नव्हते.

म्हणून उद्या. आर्किटेक्टला बोलावलंय, पालिकेच्या साहेबांना बोलावलंय, बायकांना जुन्या साड्या आणायला सांगितल्यात. जिना रुंद केल्यावर कमी पडणाऱ्या खोल्या कुठे बसतील तेही शोधून ठेवलंय. टॉवरमध्ये गाड्या ठेवायला काढलेला एक अख्खा मजला त्यासाठी पुरतो. त्यांनी ऐकलं नाही तर परवा पुन्हा रांगोळी घालीन, रोज घालीन. तुमची मुलगी आहे, आणि आईचीही.

तुमचा पत्ता असता तरी हे पाठवलं नसतं. तुम्ही ते आईला वाचून दाखवलं असतं, आणि तिने मला उद्या खाली उतरू दिलं नसतं. शिडीवर झोपायला या वेळीही कुणी तयार नाही. मी झोपणार आहे. मुलांना अजून सांगितलेलं नाही.