उंबऱ्यात अडलेले पाय

आबा, मी नाचाच्या वर्गाला जातो. हे तुम्हाला समोर सांगायची वेळ आली असती तर मी दहिवडीच्या बाजारात तोंड लपवून फिरलो असतो. फौजेतून हवालदार होऊन आलेला माणूस आता सांगलीत मुलाच्या घरी राहतो आणि दर बुधवारी एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर बायाबापड्यांबरोबर टाळ्या वाजवत गोल फिरतो. कुणी अर्धांगातून उठलेलं, कुणाचे गुडघे गेलेले, कुणाला दम लागतो, आणि आम्ही काहीजण हात थरथरणारे. तुम्हाला जे झालं होतं तेच मलाही झालंय. त्याला कंपवात म्हणतात. तुमच्या वेळी माण तालुक्यातल्या आपल्या गावात त्या दुखण्याला नाव नव्हतं, आणि नाव नव्हतं म्हणून लोकांनी त्याला देव म्हटलं.

ती जत्रा मला लख्ख दिसते. मी सुट्टीवर आलोय, तुम्ही गजी नाचाच्या मंडळात सगळ्यांच्या पुढे आहात, दोन्ही हातांत रुमाल. तुमचा रुमाल फिरला की ढोलवाला चाल बदलतो. नाच संपला, ढोल थांबला, माणसं घाम पुसायला लागली, पण तुमचा उजवा हात थांबेना. अंगात आलं, अंगात आलं असा गलका झाला. तुमच्यावर भंडारा उधळला, म्हाताऱ्याकोताऱ्या पाया पडायला लागल्या, एकानं तर पाऊस कवा पडंल ते विचारून घेतलं. तुम्ही सगळ्यांना सांगत होता, "द्येव न्हाई रं गड्या, माझा हात हाय ह्यो. थांबंना झालाय." त्यावरही लोकांनी मान डोलावली, खरा देव असाच आढेवेढे घेतो म्हणाले. आपल्या लोकांपुढे शहाणपण चालत नाही, हेच खरं.

त्या रात्री जेवताना तुम्ही आईला म्हणालात, "माझ्या पायावर लोकं डोकं टेकवत्यात. ह्ये पाप मला पचायचं न्हाई." आणि रुमाल खुंटीला लावले ते कायमचे. पुढे जत्रेचा ढोल लागला की तुम्ही आतल्या खोलीत जाऊन बसायचा. मला तेव्हा तुमचा फार अभिमान वाटला होता. आज त्याच अभिमानाचा राग येतो. खोटं देवपण नको म्हणून तुम्ही नाच सोडलात, आणि नाच हेच तर तुमचं औषध होतं. हे तेव्हा ना तुम्हाला ठाऊक होतं, ना मला.

मग पाय अडायला लागले. सपाट अंगणात चालायचा, पण उंबऱ्याशी आलात की पाय जमिनीला चिकटायचे. आई हात धरून ओढायची, तसे तुम्ही जास्तच ताठायचा. एका सुट्टीतली सकाळ आठवते. तुम्ही असेच दारात अडलेले, चहा गार होत चाललेला, आणि आत आई उखळात मिरच्या कांडायला बसली. धप्प, धप्प, एका लयीत. आणि तुम्ही उंबरा ओलांडून, कुणाचा हात न धरता, सरळ चुलीपाशी येऊन बसलात. मिरचीच्या ठसक्यानं म्हातारं हललं म्हणून आम्ही सगळे हसलो, तुम्हीही हसलात. उपाय घरात होता, आबा. उखळात होता. कुणाच्या ध्यानात आला नाही.

मला तो वर्गात कळला. शिकवणारी पोरगी माझ्या नातीच्या वयाची. आधी खुर्चीवर बसवून हात हलवायला लावते, मग उभं करते, ढोलकी लावते आणि म्हणते, "काका, पायाकडं बघू नका, तालाकडं कान ठेवा." पहिल्या दिवशी दाराशी माझे पाय अडले, तेव्हा तिनं ओढलं नाही. शेजारी उभी राहून मांडीवर ताल धरला, आणि मी आत गेलो. भर वर्गात मी रडलो, ते स्वतःसाठी नव्हतं. आता पाऊल लांब पडतं, पडझड कमी झाली आहे, रात्री झोप लागते. माझा आवाज बसत चालला होता, तोही जरा उघडला, कारण तिथं गाणंही म्हणायला लावतात. शेजारी उभे राहणारे एक जैन व्यापारी, त्यांनाही हेच दुखणं. ते म्हणतात, फौजी, घरात आपण पेशंट, इथं आपण मंडळी. डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितलं आहे, नाचानं दुखणं जात नाही, माणूस चालता राहतो इतकंच. गोळ्या वेळच्या वेळी घ्यायच्याच. सूनबाई घड्याळ लावून देते.

तुम्ही शेवटची काही वर्षं बाजेवर काढलीत. मी सीमेवर होतो, तार मिळून घरी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. तुमचा हात हातात घ्यायचा राहिला, तो राहिलाच. भिंतीवरच्या फोटोत तुम्ही ताठ बसलेले, हात मांडीखाली दडपलेले. त्यामुळे फोटोतही मला तो हात दिसत नाही.

हा कागद मी कुठं पाठवणार? एक गोष्ट तेवढी तुम्हाला सांगतो, घरात कुणाला सांगितलेली नाही. गोळी घेतली की माझा हात शांत होतो. काल दुपारची गोळी मी मुद्दाम घेतली नाही. खिडकीपाशी बसलो, आणि थोड्या वेळानं मांडीवर तुमचा हात हलायला लागला. मी तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला.